सूत, गुण्या आणि अडकलेला खण

वैशाखात मी पुण्याच्या फ्लॅटच्या बाल्कनीत सागवानाचा एक छोटा देव्हारा केला. खाली वाती, कापूर, उदबत्त्या ठेवायला एक खण. आषाढात तो कुडाळला मामाकडे पाठवला. श्रावणाच्या शेवटी, गणपतीची तयारी सुरू असताना मी स्वतः गेले, तर देव्हारा पडवीत वाट बघत उभा होता. खण काही केल्या उघडत नव्हता.

मामा सुतार. चाळीस वर्षं त्याच्या हाताला लाकडाचा भुसा लागलेला. मी भोसरीच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. दिवसभर लोखंडाचे भाग मोजायचे आणि संध्याकाळी बाल्कनीत लाकूडकाम करायचं, हा माझा आठ वर्षांचा परिपाठ. मापाच्या हत्यारांवरून आमचं दोघांचं कधी जमलं नाही. त्या दिवशी बाहेर पाऊस लागला होता आणि मध्ये तो अडकलेला खण होता. बोलणं व्हायचंच होतं.

मामा : ओढ बघू. जोर लावू नकोस, मूठ हातात येईल.

मी : हलतच नाही. मामा, मी याला बरोबर अर्धा मिलिमीटर फट ठेवली होती. कॅलिपरने मोजून. पुण्यात एका बोटाने सरकत होता.

मामा : अर्धा मिलिमीटर म्हणजे किती सूत?

मी : एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर. त्याचा सहावा हिस्सा धर.

मामा : सुताचा सहावा हिस्सा! सागवानाची फळी, कोकणातला पाऊस, आणि तिला हलायला जागा एवढीशी. अगो बाय, तू लाकडाचा खण केलाच नाहीस. लोखंडाचा केलास.

मी : म्हणजे बारीक मोजलं ही माझी चूक?

मामा : माझं म्हणणं तुला ठाऊक आहे. मापाच्या हत्यारांवर तू पैसे घालतेस, हात तयार व्हायला वेळ देत नाहीस. माझ्याकडे एक टेप, एक गुण्या, एक खतकस. त्यावर चाळीस वर्षांत दारं, खिडक्या, पलंग, कपाटं, किती केली त्याची मोजदाद नाही. कॅलिपर मी हातात धरला नाही.

मी : तुझं काम बघूनच मी या वाटेला लागले. पण आधी खण बाहेर काढू आणि मोजू. मग ठरवू चूक कुणाची.

देव्हाऱ्याची पाठ स्क्रूवर होती. ती उघडली आणि आतून लाकडी ठोकळा लावून हलक्या हाताने ठोकत खण पुढे काढला. पुढच्या फळीची उंची मी वैशाखात १५० मिलिमीटर ठेवली होती. आता कॅलिपरवर आकडा आला १५१.६. खणाची चौकट मात्र होती तेवढीच, १५०.५. तिच्या बाजूच्या फळ्यांचे धागे उभे आहेत, आणि धाग्याच्या लांबीत लाकूड जवळपास वाढत नाही. खणाच्या फळीचे धागे आडवे, म्हणून ती उंचीत फुगली.

मामा : बघ. फळी वाढली, चौकट नाही वाढली. हे मला कॅलिपर न लावता ठाऊक होतं. उन्हाळ्यात केलेला खण मी सैल ठेवतो, फटीत नाणं सरकवून बघतो. भर पावसात करायचा झाला तर घट्ट ठेवतो, कारण तो पुढे सुकणारच आहे.

मी : तुला ठाऊक होतं, मला नव्हतं. पण हे आकड्यांतही सापडतं. ओलं सागवान पूर्ण सुकलं की गाभ्याकडून सालीच्या दिशेने साधारण २.५ टक्के आणि वलयांच्या कडेकडेने ५.८ टक्के आकसतं. त्या हिशोबाने माझ्या १५० मिलिमीटरच्या फळीतली ओल एक टक्क्याने वाढली की ती जवळजवळ ०.३ मिलिमीटर फुगते. पुण्याच्या वैशाखातून इथल्या श्रावणात ओल पाच-साडेपाच टक्क्यांनी वाढली असणार. दीड मिलिमीटरच्या वर गेलाच ना आकडा?

मामा : गेला. मग हा हिशोब वैशाखात का नाही केलास?

या प्रश्नावर मी गप्प झाले. आमच्या कारखान्यात तपासणीची खोली वर्षभर २० अंश सेल्सिअसला ठेवलेली असते, कारण जगभर लांबीची मापं त्याच तापमानाची धरतात. लोखंडाची एक मीटरची पट्टी दहा अंशांनी तापली की सुमारे ०.११ मिलिमीटरने वाढते. म्हणून कुठलाही भाग हातात घेतला की आधी तो किती वेळ खोलीत ठेवला होता हे मी विचारते. तो प्रश्न माझ्या जिभेवर असतो. घरी लाकूड हातात घेताना मात्र ते किती सुकलं आहे, आणि पुढे कुठल्या गावात राहणार आहे, हे मी विचारलं नाही. लोखंडाला ऊन लागतं, तशी लाकडाला ओल लागते. रुंदी मी शंभराव्या हिश्शापर्यंत मोजली आणि ओल मोजलीच नाही.

मी : मामा, बारीक मोजलं ही चूक नव्हती. जे मोजायला हवं होतं ते मोजलं नाही, ही चूक होती. ओल मोजायचं छोटं यंत्र मिळतं, दोन सुया लाकडात टोचायच्या. ते माझ्याकडे असतं तर हा खण अडकला नसता.

मामा : म्हणजे आणखी एक हत्यार! फळी उचलली की मला वजनावरून कळतं. रंधा मारला की ढलपी कशी निघते त्यावरून कळतं.

मी : तुला कळतं, कारण तुझ्या हाताखालून हजारो फळ्या गेल्या. बाल्कनीत रविवारी दोन तास काम करणाऱ्या माणसाच्या हाताखालून आयुष्यभरात शंभर जातील. त्याला तोवर कोण सांगणार? तुझ्यासारखा मामा प्रत्येकाला नसतो.

मामी चहा घेऊन आली. पाऊस थोडा उणावला होता. मी मामाला माझ्या पहिल्या पुस्तकांच्या मांडणीची गोष्ट सांगितली. ती मी त्याला आजवर सांगितली नव्हती.

मी : आठ वर्षांपूर्वी मी एक स्वस्त गुण्या घेतला. सगळे कप्पे त्यावर आखले. लांबी प्रत्येकाची बरोबर, जाडी बरोबर, आणि मांडणी उभी केली तर एका बाजूला झुकलेली. मला वाटलं, करवत नीट चालवता येत नाही. दोन महिने नुसती सरळ कापायची सवय केली. पुन्हा तेच. मग कारखान्यातला तपासलेला गुण्या लावून बघितला. माझा गुण्या अर्ध्या अंशाने चुकत होता.

मामा : अर्धा अंश म्हणजे फार नव्हे.

मी : कोपऱ्यात काहीच नाही. पण ६०० मिलिमीटर लांब गेलं की अर्ध्या अंशाची पाच मिलिमीटर चूक होते. एक अंश चुकला तर साडेदहा. मुद्दा तेवढ्या मिलिमीटरचा नाही, मामा. दोन महिने मी माझ्या हाताला दोष दिला. शिकणारा माणूस हत्याराची चूक स्वतःवर घेतो आणि एक दिवस करवत माळ्यावर टाकून देतो. चांगल्या गुण्याचं मोल तिथे आहे. तो खरा असला की चूक हातात आहे हे नक्की होतं, आणि मग हात सुधारता येतो.

मामा : मांडणीचे कर्ण मोजले असतेस तर दहा मिनिटांत कळलं असतं. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत सुतळी ताणायची, गाठ मारायची, मग तीच सुतळी दुसऱ्या दोन कोपऱ्यांना लावायची. गाठ जुळली तर चौकट काटकोनात. घराचा पाया आखताना आम्ही तीन, चार आणि पाच हात दोरी धरतो, कोपरा काटकोनात येतो. एका पैशाचं हत्यार लागत नाही.

मी : पण दोरी हेच हत्यार आहे! सुतार हा शब्दच मुळात सूत्रधार, दोरी धरणारा. सूत हे मापही तिथलंच आणि सुतासारखा सरळ म्हणतो तेही तिथलंच. यज्ञाच्या वेदी आखायचं शास्त्र ज्यात आहे ती शुल्बसूत्रं, त्यांतल्या शुल्ब शब्दाचा अर्थच दोरी. आयताच्या कर्णाचा नियम बौधायनाने सांगितला तो दोरीच्या भाषेत. गुजरातेत लोथलला सिंधू संस्कृतीतली हस्तिदंताची पट्टी सापडली, तिच्यावरच्या दोन खुणांमधलं अंतर साधारण १.७ मिलिमीटर आहे. तुझ्या अर्ध्या सुताच्या आसपास! मापाचं हत्यार ही शहरातल्या हौशी माणसाची चैन नाही, मामा. तुझ्या धंद्याचं नाव त्यावरून पडलं आहे.

मामा बराच वेळ काही बोलला नाही. मग आत गेला आणि त्याचा मोठा, एल आकाराचा पोलादी गुण्या घेऊन आला. आजोबांचा. कडा झिजून गुळगुळीत झालेल्या, इंचाचे आकडे निम्मे पुसलेले.

मामा : हा तपास. कसा तपासतात ते मला माहीत आहे, पण याला संशयाने कधी बघितलं नाही.

प्लायच्या एका तुकड्याची कड मी रंध्याने सरळ करून घेतली. गुण्याचा एक हात कडेशी लावला आणि दुसऱ्या हाताच्या कडेने पटाशीच्या टोकाने बारीक रेघ ओढली. मग गुण्या उलटा केला, त्याच बिंदूवर आणला आणि पुन्हा रेघ ओढली. गुण्या खरा असेल तर दोन्ही रेघा एकमेकींवर बसतात. इथे त्या खाली एका बिंदूतून निघाल्या आणि वर बारा इंचांवर त्यांच्यात अर्ध्या सुताची फट पडली. उलटून बघितलं की चूक दुप्पट दिसते, म्हणजे खरी चूक पाव सुताची.

मामा : कधी पडला असेल हा? आणि इतकी वर्षं माझी कपाटं सरळ कशी आली?

मी : तुझ्या हातामुळे. जोडताना तू डोळा लावतोस, कुठे टेकत नाही ते बघतोस, तिथे रंध्याचा एक हात मारतोस. गुण्या पाव सूत चुकवायचा आणि तुझा हात ते पाव सूत भरून काढायचा. रोज जास्तीचं काम करत होतास, तुलाही कळलं नाही. माझ्या हाताला ते जमत नाही. नवशिक्याला गुण्या जितका खरा लागतो तितका तुला लागत नाही, असं म्हण हवं तर.

मामा : हे मान्य. ज्याचा हात कच्चा, त्याचा गुण्या पक्का हवा.

त्याने सेंटर पंच आणि हातोडी मागवली. असा पोलादी गुण्या सुधारायची युक्ती त्याला आजोबांनी दाखवलेली. कोन उघडायचा असेल तर आतल्या कोपऱ्याजवळ पंचाचा एक ठोका, मिटायचा असेल तर बाहेरच्या कोपऱ्याजवळ. धातू तिथे जरासा पसरतो आणि हात हलतो. एक ठोका, पुन्हा दोन रेघा, पुन्हा एक ठोका. चौथ्या वेळी दोन रेघांची एक रेघ झाली. मामाने त्या रेघेवरून अंगठा फिरवला.

मामा : आता माझं ऐक. गुण्यावर पैसे घाल, मी नाही म्हणत नाही. पण आकड्यांच्या नादी लागू नकोस. हातात टेप आला की माणूस आकडा वाचतो, लक्षात ठेवतो, दुसऱ्या लाकडावर जाऊन पुन्हा वाचतो. दोनदा वाचणं म्हणजे चुकायच्या दोन जागा. ही बघ माझी काठी.

छपराच्या वाशाला एक चौकोनी काठी अडकवलेली होती, माणसाच्या उंचीची. तिच्या चारही बाजूंवर पटाशीने पाडलेल्या खाचा. एका बाजूला चौरंगाची मापं, एका बाजूला गणपतीवर टांगायच्या माटवीची, एका बाजूला घरातल्या खिडक्यांची. आकडा एकही नाही.

मामा : चौरंगाचा पाय करायचा की काठी लाकडाला टेकवायची आणि खाचेवरून रेघ मारायची. चारही पाय एकाच खाचेवरून. पाय लांब की आखूड याचं काही नाही, चारही सारखे हवेत. टेपने चार वेळा मोजलेस तर एखादा केसभर कमी होतो आणि मूर्ती ठेवल्यावर चौरंग डुगडुगतो. मग पायाखाली कागदाची घडी.

मी : तुझ्या काठीइतकं अचूक माप माझा कॅलिपरसुद्धा देणार नाही. हे मी मनापासून म्हणते. टेप तर नाहीच. टेपवर लंबगोलात रोमन दोन लिहिलेलं असतं, तो त्याचा वर्ग. त्या वर्गात एक मीटरला अर्धा मिलिमीटर आणि तीन मीटरला ०.९ मिलिमीटर चूक चालते. एका टेपने मोजून दुसऱ्या टेपने कापलं तर दोघांच्या चुका एकत्र येऊ शकतात. म्हणून काम सुरू केल्यापासून संपेपर्यंत टेप एकच ठेवायचा.

मामा : आणि टोकाची आकडी हलते म्हणून ती ठोकून घट्ट करायची नाही. माझ्याकडे कामाला आलेल्या एका मुलाने तसं केलं होतं.

मी : ती हलायलाच हवी. तिच्या स्वतःच्या जाडीएवढीच ती सरकते. बाहेरून अडकवून ओढली की जाडी वगळली जाते, आतून भिंतीला टेकवून दाबली की धरली जाते. ती घट्ट केली की दोन्हीपैकी एक माप कायमचं चुकतं.

मामा : मग कॅलिपर कशाला हवा? अजून तेच विचारतो.

मी : जिथे एक वस्तू दुसरीच्या पोटात बसायची तिथे. १८ ची म्हणून घेतलेली प्लाय मोजली की कधी १७.४ भरते, कधी १७.८. मी आकड्यावर विश्वास ठेवून १८ ची खाच पाडली की कप्पा आत खेळतो.

मामा : मी तो प्लायचा तुकडाच लाकडावर उभा करतो आणि दोन्ही बाजूंनी पटाशीच्या टोकाने रेघ मारतो.

मी : तेही माझ्यापेक्षा बरं. पेन्सिलीची रेघच अर्ध्या मिलिमीटरची असते, आपण रेघेच्या कुठल्या बाजूला कापलं तेही कळत नाही. पात्याच्या रेघेत करवत नाहीतर पटाशी आपणहून बसते. म्हणजे आपलं भांडण नक्की कशावर आहे, मामा?

मामा : भांडण नाही राहिलं. तू आकड्याने मोजतेस, मी वस्तूने मोजतो. न मोजता दोघांपैकी कुणी करत नाही. मला राग आहे तो हत्यारं भिंतीला टांगून ठेवणाऱ्यांचा. दहा मापाची यंत्रं आणि एक चौरंग झालेला नाही.

मी : तो मलाही आहे. नव्याने घरी काम करणाऱ्याला मी सांगेन, एक खरा गुण्या घे आणि घरी आणल्या आणल्या उलटून तपास. एक पोलादी पट्टी, एक टेप, एक खतकस, रेघ मारायला एक धारदार पातं. कॅलिपर आणि ओल मोजायचं यंत्र पुढे, गरज पडेल तेव्हा. आणि पहिल्या दिवसापासून तुझ्यासारखी काठी.

मामा : आणि फळीची एक बाजू, एक कड आधी सरळ करून तिच्यावर खूण कर. सगळी मापं तिथूनच. दर वेळी वेगळ्या कडेने मोजलं की सोन्याचा गुण्याही उपयोगाचा नाही.

राहिला तो खण. मी रंधा उचलला, तर मामाने माझा हात धरला.

मामा : आज रंधलास तर आज सरकेल. वैशाखात फट दिसेल, त्यातून झुरळं आत जातील. किती काढायचं ते ठरवायला आजचं एकच माप पुरत नाही. वर्षभर थांबायला हवं.

मी : वाती-कापूर कुठे ठेवायचे तोवर?

मामा : डब्यात. इतकी वर्षं डब्यातच होते.

मी खण पालथा केला. आतल्या, पॉलिश न लावलेल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलं : पुणे, वैशाख, १५०.०. त्याखाली : कुडाळ, श्रावण, १५१.६. मामाने पेन्सिल मागून घेतली आणि माझ्या आकड्याशेजारी त्याच्या अक्षरात लिहिलं : सहा इंच, पाव सूत कमी. मी मनात हिशोब केला. १५२.४ मधून ०.८ वजा. तंतोतंत तेच माप.

मग त्याने खाली आणखी एक ओळ आखली. कुडाळ, वैशाख, आणि पुढची जागा मोकळी सोडली. खण त्याने काठीच्या शेजारी, वाशाला टांगला.